विज्ञान-वार्ता : देहातील बारमाही पावसाळा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आपल्याकडे घरोघरी एक काम उरकावे लागते. पापड, सांडगे, कुरडया उन्हात कडकडीत वाळवून डब्यांत भरावयाच्या, झाकणे घट्ट लावावयाची, लोणच्याच्या बरणीस दादरा बांधून ती कोरड्या फळीवर ठेवावयाची. एवढे करूनही श्रावणात मिठाला पाणी सुटते ते सुटतेच. मग ते कोकणातले घर असो की दिल्लीतले. ओलाव्यास आत येण्यासाठी दार उघडावे लागत नाही, त्यास फट पुरते. आणि पुष्कळदा डोळ्यांस दिसेल अशी फटही लागत नाही.

या अंकी आम्ही आपणांस ज्या डबीची हकीकत सांगणार आहोत, ती चार महिन्यांच्या नव्हे तर बारमाही पावसाळ्यात ठेवावयाची असते. हा पावसाळा म्हणजे मनुष्याचा देह होय. प्रौढ माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाणी असते. हे पाणी खारट असून त्याचे उष्णतामान सतत ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मुंबईत समुद्राकाठच्या घरांच्या खिडक्यांचे लोखंडी गज खाऱ्या वाऱ्याने कसे झिजतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस उबदार खाऱ्या पाण्यात विजेचे नाजूक यंत्र ठेवणे किती अवघड, हे निराळे सांगावयास नको. केवळ गंजण्याचेच भय असते असे नाही. विजेच्या दोन तारांमध्ये केसाएवढे अंतर असेल आणि त्या अंतरात खारट पाण्याचा थेंब जाऊन बसला, तर वीज आपला मार्ग सोडून त्या थेंबातून वाहू लागते, धातू झिजतो आणि यंत्र मूक होते. ते यंत्र जर कोणाचे हृदय चालवीत असेल, तर त्याचे मूक होणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ज्याच्या हृदयाचे ठोके मंद पडतात किंवा मधूनमधून चुकतात, त्याच्या गळ्याच्या हाडाखाली त्वचेच्या आत बसविले जाणारे पेसमेकर नावाचे लहानसे यंत्र आता आपल्या ओळखीचे झाले आहे. ते विजेचे सूक्ष्म धक्के देऊन हृदयास ठेक्यात ठेवते. असे यंत्र संपूर्णपणे देहाच्या आत बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया स्वीडनमधील स्टॉकहोम येथे ८ ऑक्टोबर १९५८ रोजी झाली. शल्यविशारद होते ओके सेनिंग, यंत्र सिद्ध केले होते रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने आणि रुग्ण होते आर्ने लार्सन. यंत्राचे भाग एपॉक्सी नावाच्या राळेसारख्या पदार्थात ओतून घट्ट केलेले होते, आणि त्यासाठी साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली होती. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले व त्याच्या जागी दुसरे बसवावे लागले. तथापि लार्सन यांची जिद्द आणि वैद्यांचा प्रयत्न असा की, एकामागून एक अशी वीसहून अधिक यंत्रे बदलीत ते २००१ सालापर्यंत जगले. ज्यांनी त्यांस ते यंत्र दिले, त्या दोघांच्याही मागे ते हयात होते.

या प्रारंभीच्या यंत्रांतून शास्त्रज्ञांनी जो धडा घेतला, तो असा की पाणी अडविणे निराळे आणि वाफ अडविणे निराळे. भाषांतर करताना आम्हांसही हा भेद जपावा लागतो. पाणी न झिरपणाऱ्या वस्तूस आपण ‘जलरोधी’ म्हणतो. पण जलरोधी वस्तू ‘बाष्परोधी’ असेलच असे नाही. प्लास्टिक, रबर, राळ यांसारख्या पदार्थांतून पाण्याचा थेंब जात नाही. मात्र पाण्याचे सुटे कण वाफेच्या रूपाने हळूहळू त्यांच्या आरपार जातात. आत जाऊन त्यांस कोठे पोकळी सापडली की ते तेथे एकत्र येतात आणि पुन्हा पाणी होतात. याउलट धातू, काच व चिनी माती यांतून वाफ जवळजवळ जातच नाही. आपल्या आजीबाई लोणचे चिनी मातीच्या बरणीत का घालीत, याचे एक कारण येथेही दिसते.

मग प्रारंभीच यंत्र धातूच्या डबीत का बंद केले नाही, असे कोणी विचारील. अडचण बॅटरीची होती. त्या काळी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या बॅटरीतून वायू सुटे, आणि तो बाहेर पडावयास वाट ठेवणे भाग असे. ज्या वाटेने वायू बाहेर जाई, त्याच वाटेने ओलावा आत येई. अमेरिकेतील अभियंता विल्सन ग्रेटबॅच यांनी १९७० नंतरच्या दशकारंभी लिथियम-आयोडीन जातीची बॅटरी पेसमेकरमध्ये आणण्यासाठी परिश्रम केले. या बॅटरीतून वायू सुटत नाही. त्यामुळे यंत्र टायटेनियम धातूच्या डबीत ठेवून तिची कड सर्व बाजूंनी सांधता आली. आत-बाहेर जाणाऱ्या तारांसाठी काचेचे किंवा चिनी मातीसारख्या पदार्थाचे बूच धातूत पक्के जोडले जाते. अशी डबी खरोखर बंद झाली की नाही, हे पाहण्यासाठी हीलियम वायूचा उपयोग करतात; त्याचे कण इतके लहान असतात की अतिसूक्ष्म फटीतूनही ते निसटतात व पकडले जातात. डबीच्या आतील हवेत पाण्याची वाफ दर दहा लाख भागांत पाच हजार भागांहून अधिक असू नये, असा इलेक्ट्रॉनिक भागांसाठी रूढ दंडक आहे. वाफ इतकी कमी असली म्हणजे देहाच्या उष्णतामानात तिचे पाणी होऊच शकत नाही.

ही बंद डबी किती भरवशाची ठरली, याचे एक हृदयस्पर्शी उदाहरण मुंबईचे आहे. अमेरिकेत मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या देहांतून नातेवाइकांच्या संमतीने काढून घेतलेले पेसमेकर मुंबईस आणण्यात आले. ज्यांची बॅटरी पुरेशी शिल्लक होती ती यंत्रे निवडून, निर्जंतुक करून, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांच्या देहांत बसविण्यात आली. त्यांचा वृत्तांत २०११ साली हृदयरोगविषयक एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात या रुग्णांना यंत्रामुळे गंभीर उपद्रव झाल्याचे आढळले नाही, असे नमूद आहे. एका देहातील पावसाळा सोसून आलेली डबी दुसऱ्या देहात पुन्हा काम करू लागली, ती तिच्या झाकणातून ओलावा आत गेला नव्हता म्हणूनच.

येथेच कुटुंबातील वडीलधाऱ्यांसाठी एक सूचना नोंदवून ठेवतो. पेसमेकर असलेली व्यक्ती निधन पावल्यास दहनापूर्वी ते यंत्र रुग्णालयाकडून काढवून घ्यावे. जी डबी ओलाव्यास आत येऊ देत नाही, ती आतील वायूसही बाहेर जाऊ देत नाही. चितेच्या अथवा विद्युत्‌दाहिनीच्या उष्णतेने बॅटरी तापून तिचा स्फोट होऊ शकतो. शोकाच्या घटकेस ही गोष्ट आठवत नाही, म्हणून ती आधीच घरात माहीत असलेली बरी.

आता मुख्य विषयाकडे वळू. झाकणाचा प्रश्न सुटला, तरी बॅटरी संपण्याचा प्रश्न उरलाच. पेसमेकरची बॅटरी बहुधा सात-आठ ते दहा-बारा वर्षे पुरते. नंतर पुन्हा शस्त्रक्रिया करून नवे यंत्र बसवावे लागते. सत्तरीच्या गृहस्थास ही गोष्ट एकदा-दोनदाच करावी लागेल. पण जन्मतःच हृदयविकार असलेल्या बालकास ती आयुष्यात कितीदा तरी करावी लागेल. प्रत्येक वेळी खर्च, प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाचे भय, आणि प्रत्येक वेळी आईबापांचा जीव टांगणीला. म्हणून शास्त्रज्ञांनी असा विचार केला की, ज्या देहात यंत्र बसवावयाचे त्या देहाच्याच हालचालीतून त्यास लागणारी वीज का मिळवू नये?

इंग्रजीत या युक्तीस ऊर्जेची ‘सुगी’ अशा अर्थाचा शब्द आहे. आम्हांस मात्र आपल्या शेतकऱ्यांचा ‘सरवा’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो. पीक काढून नेल्यावर शेतात जी कणसे, जे दाणे पडून राहतात, ते वेचणे म्हणजे सरवा वेचणे. विश्रांत अवस्थेतही हृदय रक्त फिरविण्यासाठी सुमारे एक वॉट शक्ती खर्च करते, आणि पेसमेकरला लागते ती साधारणतः त्याच्या एक लक्षांशाएवढी. इतका सरवा वेचल्याने हृदयाचे काही उणे होणार नाही.

तो वेचण्याच्या दोन रीती विशेष अभ्यासल्या जात आहेत. काही स्फटिकजन्य पदार्थ वाकविले किंवा दाबले असता त्यांत वीज उत्पन्न होते. ही दाबविद्युत् होय. अमेरिकेत जानान दादेविरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पदार्थाच्या अतिपातळ पट्ट्या लवचीक पटलात गुंडाळून गायी-मेंढ्यांच्या हृदयांवर बसविल्या आणि ठोक्यागणिक वीज मिळते हे दाखविले. ते संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. दुसरी रीत घर्षणविद्युतेची. ती समजण्यास दिल्लीकर वाचकांस फार लांब जावयास नको. पौष-माघाच्या कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, अंधारात ठिणग्याही दिसतात. ती हीच वीज. दोन निराळ्या पृष्ठभागांचा स्पर्श झाला आणि ते विलग झाले की एकावरचा विद्युत्‌भार दुसऱ्यावर जातो. २०१९ साली चीनमधील संशोधकांनी या तत्त्वावर चालणारे यंत्र डुकराच्या हृदयाशी जोडले. एका ठोक्यातून मिळालेली ऊर्जा हृदयास चेतविण्यास लागणाऱ्या ऊर्जेहून अधिक भरली, असे त्यांनी नमूद केले.

परंतु तोच स्वेटर श्रावणात काढून पाहा. ठिणगी दिसणार नाही, आवाजही होणार नाही. आणि रत्नागिरी-मालवणच्या वाचकांनी तर हा चमत्कार क्वचितच पाहिला असेल. दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि साठलेला भार त्यावरून ओघळून जातो. म्हणजे जे यंत्र घर्षणाच्या विजेवर चालवावयाचे, त्याचा मोठा वैरी ओलावाच. आणि ठेवावयाचे आहे ते देहात! याच तत्त्वास पाण्याचे साहाय्यही घेता येते, हे दिल्लीच्या आय. आय. टी.मधील नीरज खरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे. पाण्याचे थेंब पृष्ठभागावर पडून ओघळताना वीज निर्माण करणारे त्यांचे उपकरण २०२१ साली जाहीर झाले. पण तेथेही पृष्ठभाग असा लागतो की ज्यास पाणी चिकटून राहू नये. पाणी आले आणि गेले तर ते मित्र; आले आणि राहिले तर शत्रू.

आता प्रश्नाचे मर्म आपल्या ध्यानी आले असेल. पेसमेकर वाचला तो झाकण पक्के केल्यामुळे. ऊर्जा वेचणाऱ्या यंत्रास मात्र तसे स्वस्थ बसता येत नाही. त्यास हृदयाबरोबर वाकावे लागते, दबावे लागते, फाकावे लागते. जाड धातूची डबी वाकत नाही. जे सहज वाकते ते प्लास्टिक-रबर वाफ अडवीत नाही. आणि हे वाकणे थोडेथोडके नव्हे. मिनिटास ७२ ठोके धरले तर दिवसास एक लाखाहून अधिक आणि दहा वर्षांत सुमारे ३८ कोटी ठोके होतात. तार पुनःपुन्हा वाकविली की तुटते, तसेच आवरणासही एखाद्या कोट्यवधीव्या ठोक्यास सूक्ष्म तडा जाऊ शकतो, आणि ओलाव्यास एवढी वाट पुष्कळ होते.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे तीन मार्ग शास्त्रज्ञ चोखाळीत आहेत.

पहिला मार्ग चिकटून राहण्याचा. पावसाळ्यात भिंतीच्या रंगास पोपडे येतात ते कोठे, हे आठवा. जेथे रंग भिंतीपासून सुटलेला असतो तेथेच पाणी साठते व फुगारा धरतो. जेथे तो घट्ट चिकटलेला असतो तेथे भिंत ओलसर असूनही रंग टिकतो. सिलिकोन रबराचे आवरण याच न्यायाने उपयोगी पडते. ते वाफ अडवीत नाही. पण यंत्राच्या पृष्ठभागास कोठेही पोकळी न ठेवता चिकटले, तर आत आलेल्या वाफेस पाणी होऊन बसावयास जागाच उरत नाही. म्हणून आवरणाच्या जाडीइतकीच, किंबहुना अधिक, काळजी आधीच्या स्वच्छतेची घ्यावी लागते. बोटाचा तेलकट ठसा किंवा मिठाचा एखादा कणही तेथे पोपड्याचे बीज होतो.

दुसरा मार्ग काच पातळ करण्याचा. काचेचा तुकडा वाकत नाही. पण काचेचा तंतू वाकतो. त्याचप्रमाणे वाळूचे जे मूलद्रव्य त्या सिलिकॉनच्या ऑक्साइडचा, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असा अखंड थर दिला, तर तो लवचीक पटलाबरोबर वाकतो आणि पाणीही अडवितो. हे संशोधन अमेरिकेत २०१६ सालापासून पुढे आले आहे. मात्र खाऱ्या पाण्यात हा थरही अतिमंद गतीने विरघळत असतो. तेव्हा तो किती वर्षांचा सोबती होईल याचा हिशेब आधीच मांडावा लागतो. याखेरीज ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे व प्लास्टिकचे थर आलटून पालटून देण्याचीही रीत आहे. एका थरात छिद्र राहिलेच, तर पुढील थर ते झाकतो.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आणि म्हणून मनास पटणारा : झाकण उघडावयाचेच नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलांचे जुने स्वयंचलित मनगटी घड्याळ असेल. हात हलला की आतील अर्धचंद्राकृती वजन फिरते आणि घड्याळास आपोआप चावी मिळते. त्यासाठी घड्याळाची डबी कधी वाकवावी लागत नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील एड्रियन झुरबुखेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच घड्याळाची यंत्रणा डुकराच्या हृदयावर बसविली. तिच्यापासून सरासरी ५२ मायक्रोवॉट शक्ती मिळाल्याचे त्यांनी २०१४ साली सांगितले. पेसमेकरची गरज सुमारे १० मायक्रोवॉट असते. हलावयाचे ते आतच हलेल आणि बाहेरची डबी बंदच्या बंद राहील, ही या युक्तीतील खुबी. तिचे उणेपण इतकेच की वजन म्हटले की आकार आला, आणि दुखऱ्या हृदयावर भार किती घालावयाचा यासही मर्यादा आहेत.

कोणते आवरण किती काळ टिकेल हे पाहण्यासाठी दहा वर्षे थांबणे शक्य नसते. म्हणून नमुने देहाहून अधिक तापलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. उष्णता वाढली की झिजेची गतीही वाढते. त्यावरून देहातील वर्षांचा अंदाज बांधतात. पण केवळ भिजविणे पुरे नाही. भिजत असताना ते वाकविलेही पाहिजे, कारण देहात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

वाचकहो, मधूनमधून वृत्तपत्रांत ‘बॅटरीविना चालणारा पेसमेकर’ अशा मथळ्याची बातमी येते आणि ज्या घरी रुग्ण आहे त्या घरातील माणसांची आशा पालवते. आशा बाळगण्यास आमचा विरोध नाही; या लेखाचा हेतूही ती मावळविण्याचा नाही. परंतु ऊर्जा वेचणारे असे यंत्र मनुष्यांच्या नित्याच्या उपचारात अद्याप आलेले नाही; प्रयोग झाले ते मुख्यतः प्राण्यांवर. म्हणून ‘नवे यंत्र येईतो थांबू’ अशा विचाराने डॉक्टरांनी सांगितलेली शस्त्रक्रिया किंवा बॅटरी बदलणे कोणीही लांबणीवर टाकू नये. मंदावलेले हृदय प्रयोगशाळेची वाट पाहत नाही. ज्यांस पेसमेकर आहे त्यांनी ठरल्या दिवशी तपासणीस जावे, यंत्राचे ओळखपत्र जवळ ठेवावे आणि जखमेच्या जागी लाली, सूज किंवा पाझर दिसल्यास तत्काळ डॉक्टरांस दाखवावे.

आणि पुन्हा अशी बातमी वाचनात आली, तर त्या यंत्राने वीज किती दिली एवढेच पाहू नये. ते ओलाव्यात, वाकत-वाकत, किती काळ टिकले, हे अवश्य शोधावे. पापड कसे लाटले यापेक्षा ते भाद्रपदात कसे निघाले, यावरून सुगरणीची परीक्षा होते. या यंत्रांचीही खरी परीक्षा तीच आहे.